किती तापतं आणि किती वाढलं

कोकणातल्या माणसाला आमच्या फुलसावंगीचं ऊन समजावून सांगणं हा माझा बरीच वर्षं आवडता उद्योग होता. शिक्षक म्हणून माझी पहिली नेमणूक झाली ती रत्नागिरी जिल्ह्यात, राजापूर तालुक्यातल्या एका वाडीवरच्या शाळेत. विदर्भ-मराठवाड्यातली पोरं तेव्हा अशीच कोकणात लागायची आणि रुजू झाल्या दिवसापासून आंतरजिल्हा बदलीची वाट बघायची. तिथे वार्षिक परीक्षेच्या दिवसांत पारा ३३ वर गेला की माणसं हवालदिल. सदरा पाठीला चिकटलेला, हातात वाऱ्यासाठी पुठ्ठ्याचा तुकडा. मी पडवीत बसून ऐटीत म्हणायचो, हे काय ऊन झालं? आमच्याकडे मेअखेरच्या नवतपात या. रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं, कूलरची ताटी भिजवली तरी तासाभरात कोरडी होते आणि बारा ते चार गावात कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. राजापूरजवळ उन्हाळे नावाचं गाव आहे, तिथे गरम पाण्याचा झरा आहे. तुमचा उन्हाळा एका गावात मावतो, अशी कोटीही मी करायचो. आमच्या बाजूला पैनगंगेच्या खोऱ्यात उनकेश्वरलाही गरम पाण्याची कुंडं आहेत, हे मात्र सोयीने गाळायचो.

बढाईपुरतं ते ठीक होतं. घोळ झाला तो बदली होऊन गावी आल्यावर, या बढाईला मी अभ्यासाचं नाव दिलं तेव्हा.

फुलसावंगी यवतमाळ जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यात. विदर्भाचा हा अगदी काठ. पैनगंगा ओलांडली की नांदेड जिल्हा, म्हणजे मराठवाडा, आणि माहूरचा गड. कापूस, सोयाबीन, तूर ही आमची पिकं. पाण्याची सोय असेल तिथे हळद आणि ऊस. १ जुलै हा वसंतराव नाईकांचा जन्मदिवस राज्यभर कृषी दिन म्हणून होतो, पण आमच्या पट्ट्यात त्याचं अप्रूप जरा जास्त, कारण नाईकांचं गहुली शेजारच्या पुसद तालुक्यातलं. अशाच एका कृषी दिनाला ‘बदलतं हवामान आणि आपली शेती’ या विषयावर बोलायला मला बोलावलं. मास्तर भूगोल शिकवतात, कोकणात राहून आलेत, आणखी कोण पाहिजे?

मी झकास तक्ता केला. डावीकडे आपण, उजवीकडे रत्नागिरी. मे महिन्याचं सरासरी कमाल तापमान इकडे ४२ च्या आसपास, तिकडे ३३ च्या आत-बाहेर. हिवाळ्यातल्या रात्री इकडे थंड, तिकडे उबदार. तक्त्याच्या खाली लाल पेनाने निष्कर्ष लिहिला: आपला भाग कोकणाच्या कितीतरी पट वेगाने तापतो आहे. समुद्र त्यांना सांभाळून घेतो, आपल्याला सांभाळणारं कोणी नाही, हे वाक्य मी दोनदा म्हटलं. टाळ्या पडल्या. विदर्भावर अन्याय झाला आहे हे आमच्याकडे कुठल्याही विषयात चटकन पटतं, तापमान त्याला अपवाद कसं असेल?

भाषणाचा लेख केला आणि उत्साहाने राजापूरला माझ्या जुन्या मुख्याध्यापकांना पाठवला. ते निवृत्त होऊन आता आपली हापूसची कलमं सांभाळतात. दोन दिवसांनी फोन आला.

‘गुरुजी, लेख वाचला. तुमच्याकडे ऊन जास्त, हे मान्यच. पण ते तुमच्या आजोबांच्या वेळेलाही जास्तच होतं ना? मग वाढलं किती, ते कुठे लिहिलंत?’

मी तक्ता काढून पाहिला. त्यात वाढ कुठेच नव्हती. दोन ठिकाणं किती तापतात एवढंच होतं. किती वाढलं हे सांगायला प्रत्येक ठिकाणाचा जुना आकडा आणि नवा आकडा लागतो. माझ्याकडे दोन्ही ठिकाणांचा एकेकच आकडा होता, आणि त्यांच्या फरकालाच मी वाढ म्हणून बसलो होतो.

हे इतकं उघड असून दिसलं कसं नाही? मला वाटतं, दोष मी वर्षानुवर्षं शिकवत आलेल्या धड्याचा होता. धड्याचा म्हणजे त्याच्या माझ्या वाचनाचा. सागरसान्निध्यामुळे किनाऱ्याचं हवामान सम आणि दमट, समुद्रापासून दूर गेलं की विषम आणि कोरडं, हे पाचवी-सहावीच्या पोरांकडूनही मी घोकून घेतलं होतं. पाणी उशिरा तापतं, उशिरा निवतं, म्हणून रत्नागिरीला मे आणि जानेवारीत फार अंतर नाही आणि आमच्याकडे ते भलतं मोठं आहे. हे खरंच आहे. पण ते एका वर्षाच्या आतल्या चढउताराचं कारण आहे. शंभर वर्षांत सरासरी किती सरकली याचं उत्तर त्यात नाही. मी धडा ताणला आणि तो फाटेपर्यंत मला कळलं नाही. शिवाय दोन्हीकडे राहून आल्याचा तोरा होता. पण मी कोकणातल्या काही उन्हाळ्यांची आमच्याकडच्या काही उन्हाळ्यांशी तुलना करू शकत होतो, एवढंच. एका माणसाच्या अंगाला शतकाचे दोन-चार दशांश अंश कसे कळणार?

फोननंतर शहाणपण यायला हवं होतं. आली जिद्द. वाढ दाखवा म्हणता ना, दाखवतोच.

जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन नावाची सरकारी पुस्तिका दरवर्षी निघते. तिच्यात पिकं, गुरं, रस्ते, शाळा यांच्याबरोबर तापमानाचाही तक्ता असतो. दोन्ही जिल्ह्यांच्या जुन्या पुस्तिका मी मिळतील तिथून जमवल्या. आमच्या जिल्ह्याच्या पुस्तिकांतले आकडे यवतमाळ शहराचे. पण मला फुलसावंगीचं सांगायचं होतं. २०१७ पासून राज्य सरकारच्या महावेध प्रकल्पात महसूल मंडळांच्या ठिकाणी स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली, राज्यभर दोन हजारांवर. पीकविम्याच्या भांडणांमुळे हे आकडे आता पानठेल्यावरही चर्चेत असतात. मी काय केलं, २०१६ पर्यंत यवतमाळचे आकडे घेतले आणि त्यापुढे आमच्या भागातल्या केंद्राचे जोडले. आलेख काढला आणि खुर्चीतून उठून उभा राहिलो. शेवटच्या काही वर्षांत रेघ एकदम एक अंशाच्या आसपास वर! रत्नागिरीची रेघ मात्र आपली सावकाश चढत गेलेली. मी तो आलेख राजापूरला पाठवणार, तेवढ्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. बीएस्सी ॲग्रीला होता, सुट्टीवर आला होता. त्याने आलेख मोबाइल बघावा तसा दोन बोटांनी ताणल्यासारखं केलं, मग हसला आणि म्हणाला, ‘सर, दोन हजार सतरालाच असं काय झालं?’

काहीच झालं नव्हतं. मी जागा बदलली होती. यवतमाळ शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटरवर, पठारावर आहे. आम्ही पैनगंगेच्या उताराला, त्याहून खाली. शंभर मीटर खाली उतरलं की हवा साधारण अर्ध्या-पाऊण अंशाने गरम लागते, हेही मीच शिकवतो. त्यात यंत्र वेगळं, भोवतालची जागा वेगळी, सरासरी काढायची रीत वेगळी. म्हणजे माझ्या आलेखातलं हवामान बदललं नव्हतं, मी घाट उतरलो होतो. रत्नागिरीची रेघ सावकाश दिसत होती, कारण तिकडे मी सुदैवाने काही जोडलं नव्हतं.

त्या मुलाने मला एक गोष्ट नीट समजावली, जी मला शाळेत कोणी सांगितली नव्हती आणि मीही कोणाला सांगितली नव्हती. दोन प्रदेशांतला बदल ताडून पाहायचा तर तापमान थेट घ्यायचंच नाही. प्रत्येक केंद्राची स्वतःची तीस वर्षांची सरासरी काढायची, आणि मग प्रत्येक वर्ष त्या सरासरीच्या किती वर किंवा खाली गेलं तेवढंच, म्हणजे विचलन, मांडायचं. सध्या हवामान विभाग यासाठी १९९१ ते २०२० हा काळ धरतो. असं केलं की यवतमाळ उंचावर आहे, रत्नागिरी समुद्राकाठी आहे, हे सगळे कायमचे फरक आपोआप गळून पडतात. उरतो तो बदल. अट एकच: केंद्र, यंत्र आणि काळ मध्येच बदलायचा नाही, आणि बदललाच तर त्याचा हिशेब द्यायचा.

मला लाज वाटली ती आणखी एका कारणाने. उष्णतेची लाट कधी जाहीर करतात याचे निकष मी फळ्यावर लिहीत असे. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश, किनाऱ्यावर ३७, डोंगराळ भागात ३०. आणि त्यापुढे, नेहमीच्या सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी किंवा अधिक वर. म्हणजे हवामान विभाग प्रत्येक जागेला तिच्याच सरासरीच्या फूटपट्टीने मोजतो, हे मी खडूने लिहीत होतो आणि त्याचा अर्थ लागत नव्हता. म्हणूनच तर फेब्रुवारी २०२५ च्या अखेरीस, आमच्याकडे सकाळी अजून अंगावर चादर होती तेव्हा, कोकणाला उष्णतेच्या लाटेचा इशारा मिळाला होता. मी तेव्हा मुख्याध्यापकांची थट्टा केली होती. त्यांनी सांगितलं होतं, जमिनीकडचा वारा जोर धरतो, दुपारचं खारं वारं उशिरा येतं आणि कलमांवरचा मोहोर करपतो, सुपारीएवढी फळं गळून पडतात. मी ऐकलं आणि सोडून दिलं.

आता थर्मामीटरचं. यंत्र वेगळं, जागा वेगळी म्हणजे कितीसा फरक पडणार, हे पाहायला मी कमाल-किमान तापमापी विकत आणला. इंग्रजी ‘यू’सारखी वाकवलेली काचेची नळी, तिच्यात पारा, आणि पाऱ्याच्या दोन्ही टोकांवर लोखंडी बारीक सुया. पारा सुई ढकलत नेतो आणि स्वतः मागे फिरतो. सुई जिथे पोचली तिथेच राहते. दिवसभरातली सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी खूण अशी घरबसल्या मिळते. मग लोहचुंबकाने सुया पुन्हा पाऱ्याला आणून टेकवायच्या. मला ते खेळणं फार आवडलं. पडवीच्या टोकाला, पश्चिमेच्या भिंतीवर, डोळ्यांच्या उंचीला टांगलं, वर टिनाचं छप्पर. पहिल्याच आठवड्यात ४८ दिसलं. मी फोटो काढून गटावर टाकला. समोरच्या घरचा माणूस दुपट्टा झटकत आला, थर्मामीटरकडे पाहिलं, मग भिंतीवर तळहात ठेवला आणि चटकन उचलला.

‘गुर्जी, हे तं भितीचा ताप सांगते.’

भिंत दुपारभर ऊन पिते आणि संध्याकाळी ओकते. टिन वरून भाजतं. मी हवेचं तापमान मोजत नव्हतोच. वेधशाळेत थर्मामीटर ठेवायला पांढऱ्या रंगाची, चारी बाजूंनी झिलमिळी फळ्यांची लाकडी पेटी असते. मोकळ्या जागेत, जमिनीपासून साधारण चार फुटांवर, आणि आपल्या गोलार्धात दार उत्तरेकडे, म्हणजे उघडलं तरी सूर्य आत डोकावत नाही. तिला स्टीव्हन्सन पेटी म्हणतात. ती करणारे थॉमस स्टीव्हन्सन दीपगृहं बांधणारे अभियंते होते. ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणारे रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हा त्यांचा मुलगा. पोरांना मी मुलाची गोष्ट सांगत आलो आणि बापाची पेटी विसरलो.

आणखी एक गोची सुयांनी केली. मी रोज सकाळी शाळेत जाण्याआधी नोंद करायचो आणि त्याच तारखेखाली दोन्ही आकडे लिहायचो. सकाळी साडेआठला दिसणारी कमाल ही कालच्या दुपारची असते, हे ध्यानात यायला बराच काळ गेला. हवामान खात्यात किमान सकाळी साडेआठला आणि कमाल संध्याकाळी साडेपाचला वाचतात, ते उगाच नाही. ती वही मी फाडली नाही, पण तिच्यातून काही सिद्ध करायचा नादही सोडला. एवढं सगळं होऊनही, ३० मे २०२४ ला नागपुरात एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश नोंदल्याची बातमी आली तेव्हा ती पुढे ढकलणाऱ्यांत मी होतोच. हवामान विभागाने संवेदक बिघडल्याचं जाहीर केलं तोवर माझा निरोप आठ-दहा गटांवर फिरून आला होता. भिंतीचा ताप ओळखणारा तो शेजारी या वेळी काही बोलला नाही, नुसता हसला.

विद्यार्थ्याने मग पुण्याच्या हवामान विभागाची एक फाइल उतरवून दिली. देशभरातल्या केंद्रांच्या नोंदींवरून त्यांनी भारताच्या नकाशावर एक अक्षांश आणि एक रेखांश अशा चौकटी आखल्या आहेत आणि १९५१ पासूनचं रोजचं तापमान चौकटीप्रमाणे दिलं आहे. फुकट मिळतं. मला सुचलं, कोकणाचं राहू दे, आधी पैनगंगेचे दोन काठ तपासू. इकडे फुलसावंगी, तिकडे माहूर; इकडे विदर्भ, तिकडे मराठवाडा. दोन्ही जागांचे अक्षांश-रेखांश घातले, आकडे काढले, आलेख मांडले. दोन्ही रेघा तंतोतंत एक. सत्तर वर्षांत एका दिवसाचाही फरक नाही. मी वाक्यं जुळवू लागलो: नदीने प्रशासन वेगळं केलं, हवामान नाही, वगैरे. वाक्यं छानच होती. पण सत्तर वर्षांत एकाही दिवशी एका दशांशाचाही फरक नाही, हे मला खुपायला हवं होतं. ते खुपलं विद्यार्थ्याला.

एक अक्षांश म्हणजे सुमारे एकशे दहा किलोमीटर. १९ ते २० अक्षांश आणि ७७ ते ७८ रेखांश या एकाच चौकटीत फुलसावंगी आहे, माहूर आहे, उमरखेड आहे, पुसद आहे. हिंगोली आणि नांदेडसुद्धा आहेत. मी एकाच आकड्याची त्याच आकड्याशी तुलना करून दोन प्रदेशांत विलक्षण साम्य शोधून काढलं होतं. रत्नागिरीच्या चौकटीची गंमत आणखी वेगळी. तिच्यात पश्चिमेला अरबी समुद्र आणि पूर्वेला थेट गगनबावड्याचा घाटमाथा. तिला कोकण म्हणायचं तरी कसं? चौकटी मोठ्या प्रदेशांसाठी आहेत. गावाच्या नावाने त्यांच्याकडून उत्तर मागणं हा माझा आगाऊपणा.

तेव्हा कुठे मी स्वतः आकडे जुळवायचं सोडलं आणि ज्यांनी हे काम आयुष्यभर केलं त्यांचं वाचायला घेतलं. खरं तर सुरुवात तिथून करायची असते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या हिंगणे, रूपकुमार आणि रमणमूर्ती यांनी १९८५ मध्येच दाखवलं होतं, की १९०१ ते १९८२ या काळात देशाचं सरासरी तापमान शतकाला सुमारे ०.४ अंश या वेगाने चढलं, आणि तापलेल्या भागांत पश्चिम किनारा होता, तसाच द्वीपकल्पाचा आतला भागही. त्याच संस्थेतल्या कोठावळे आणि रूपकुमार यांनी २००५ मध्ये पुढचे आकडे दिले: १९०१ ते २००३ मध्ये दर दशकाला ०.०५ अंश, पण त्यातल्या १९७१ नंतरच्या तुकड्यात ०.२२. सुरुवातीचं वर्ष बदललं की वेग चौपट होतो. आणि मी यवतमाळचा आलेख एका वर्षापासून, रत्नागिरीचा दुसऱ्याच वर्षापासून सुरू केला होता, कारण हाताशी त्या पुस्तिका होत्या!

मला चीत केलं ते दिल्लीच्या आयआयटीतल्या एस. के. दाश आणि सहकाऱ्यांच्या २००७ च्या निबंधाने. गेल्या शतकात कमाल तापमान कुठे किती वाढलं याचे त्यांनी प्रदेशवार आकडे दिलेत. पश्चिम किनारा १.२ अंश, देशात सर्वांत जास्त. उत्तर-मध्य भारत ०.८. द्वीपकल्पाचा आतला भाग ०.५, सर्वांत कमी. फुलसावंगी यांतल्या शेवटच्या दोहोंपैकी कुठेही धरा, कोकण वरच. ज्या माणसाला मी पडवीत बसून आमचं ऊन सांगत होतो, त्याच्या पायाखालचा कातळ आमच्या काळ्या मातीपेक्षा जास्त बदलला होता.

जगाच्या हिशेबात जमीन समुद्रापेक्षा वेगाने तापते आहे. १८५०-१९०० च्या तुलनेत २०११-२०२० या दशकात जमिनीवर सुमारे १.६ अंश आणि समुद्रावर ०.९. माझ्या मूळ युक्तिवादाला हा नियम आधार देईल असं मला आधी वाटलं. पण पश्चिम हिंदी महासागर हा साधा समुद्र नाही. पुण्याच्याच संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल यांनी २०१४ मध्ये दाखवलं, की तिथल्या पाण्याचं जून ते सप्टेंबरमधलं तापमान शतकाभरात सुमारे १.२ अंशांनी वाढलं. जो आपल्या किनाऱ्याला सांभाळतो म्हणून मी दोनदा सांगितलं, तो समुद्रच उबदार झाला आहे. उलट देशाच्या आतल्या भागांत हवेतल्या धूलिकणांनी आणि धुराने ऊन अडवलं, ओलिताखालची जमीन वाढली, त्यानेही दिवसाची वाढ काहीशी दबली, असं शास्त्रज्ञ मानतात. यातलं पैनगंगेच्या खोऱ्यात कशाचं किती, हे माझ्यासारख्याने सांगायला जाऊ नये.

आणि तरी मी सांगायला गेलोच. झालेली चूक दुरुस्त करायची घाई ही माझी पुढची चूक. गावातल्या पुढच्या एका कार्यक्रमात मी ठणकावून सांगितलं, की आपली समजूत खोटी आहे, कोकण आपल्या दुपटीहून जास्त तापलं आहे, आपण उगाच रडतो. पहिल्या भाषणात होता तेवढाच आत्मविश्वास, फक्त दिशा उलटी. मागे बसलेली एक बाई, दर मे महिन्यात पैनगंगेच्या जंगलात तेंदूपत्ता तोडायला जाणारी, उभी राहिली.

‘मास्तर, मंग आमाले आता ऊन कमी लागन का?’

लोक हसले, मीही हसलो, पण उत्तर देता येईना. ती पहाटे अंधारात निघते, नऊ-दहाच्या आत पानांचं गाठोडं घेऊन परतते, कारण त्यापुढे जंगलात उभं राहवत नाही. ४२ वर अर्धा अंश चढला तर तिच्या कामाचे किती तास जातात, हा वेगळा प्रश्न आहे. ३३ वर सव्वा अंश चढला आणि हवा इतकी दमट, की घाम वाळतच नाही, तर राजापूरच्या चिऱ्याच्या खाणीतल्या मजुराचं काय होतं, हा आणखी वेगळा. दाश यांच्या आकड्यांतून मी दोघांच्या सोसण्याची तुलना करायला निघालो होतो. त्या आकड्यांत ती नाही. त्यात आमचा तालुकाही नाही; असंख्य जिल्ह्यांची मिळून ती सरासरी, तीही फक्त कमाल तापमानाची, आणि विसाव्या शतकाची. त्यानंतर बरंच ऊन वर चढून गेलं आहे. २०२४ हे १९०१ पासूनचं देशातलं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं, १९९१-२०२० च्या सरासरीहून ०.६५ अंश वर.

बाईंना मी त्या दिवशी एवढंच म्हटलं, की नाही हो, तुमचं ऊन कमी नाही झालं, माझं बोलणं जास्त झालं. हे त्यांना पटलं. बाकीच्यांना नाही. एकदा टाळ्या घेतलेलं वाक्य परत घेता येत नाही. अजूनही गावात कोणी ना कोणी मला माझंच पहिलं भाषण ऐकवतं, समुद्र त्यांना सांभाळतो म्हणून.

मुख्याध्यापकांशी आता रविवारी फोन असतो. त्यांचं म्हणणं, दुपारचं सोडा, रात्रीचं किमान तापमान आधी बघा, कारण हापूसला मोहोर थंड रात्रींवर येतो. मला दुपार सोडवत नाही. देशाची सरासरी पाहिली तर त्यांच्यापेक्षा माझं पारडं जड आहे: १९०१ ते २०२० या काळात कमाल तापमान शतकाला ०.९९ अंशाने वाढलं, किमान फक्त ०.२४ ने. हे मी त्यांना ऐकवलं, तर म्हणाले, ‘गुरुजी, पुन्हा देशाच्या सरासरीवरून माझ्या कलमांचं ठरवताय.’ तेव्हा दोन्ही तक्ते करायचे ठरले, कमाल वेगळा आणि किमान वेगळा. यवतमाळ आणि रत्नागिरी या दोनच वेधशाळा घ्यायच्या, दोन्हींची विचलनं, एकाच काळाची. फुलसावंगीचं नाव तक्त्यावर घालायचं नाही, कारण आमच्या गावाची जुनी नोंदच नाही. आकड्यांसाठी पुण्याला अर्ज केलाय, त्यात वेधशाळेची जागा किंवा यंत्र कधी बदललं असेल तर तेही मागितलं आहे. तोवर माझ्याकडच्या पुस्तिकांवर काम चाललं आहे. त्यात यवतमाळची मधली काही वर्षं नाहीत. विद्यार्थी म्हणाला, आजूबाजूच्या वर्षांवरून अंदाजाने भरता येतील. मी नको म्हटलं. ती कोरी ठेवलीत, आणि रत्नागिरीची तीच वर्षं हाताशी असूनही गाळलीत.